संगणकाची घरघर : खाणीतल्या पंख्यापासून नवा रायपूरपर्यंत

३ मे २०२५ रोजी छत्तीसगडचे मुख्यमंत्री विष्णुदेव साय यांच्या हस्ते नवा रायपूरच्या सेक्टर २२ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीच्या डेटा सेंटर पार्कचे भूमिपूजन झाले. सुमारे साडेतेरा एकरांवरच्या या प्रकल्पाच्या बातम्यांत गुंतवणूक, रोजगार आणि संगणनक्षमता यांची भरपूर चर्चा झाली. अशा दालनात पाऊल टाकणाऱ्याला सर्वांत आधी जे जाणवते, त्याचा उल्लेख मात्र बातम्यांत सहसा नसतो. ते म्हणजे तिथला आवाज. सर्व्हरांच्या दोन रांगांमध्ये उभे राहून शेजारच्याशी बोलायचे, तर ओरडावे लागते.

हाच आवाज धाकट्या रूपात घरोघरी टेबलाखाली बसलेला असतो. रात्री रस्ता शांत झाला, छताचा पंखा बंद केला, की डेस्कटॉप संगणकाची घरघर ऐकू येऊ लागते. कधी ती सलग असते, कधी तिच्यात बारीक शीळ मिसळते, तर कधी टकटक. संगणकाच्या चिपमध्ये हलणारा एकही भाग नाही. आकडेमोड स्वतः जवळजवळ नि:शब्द असते. तिच्यातून निर्माण झालेली उष्णता बाहेर काढताना आवाज होतो. म्हणूनच संगणकाच्या आवाजाचा इतिहास हा उष्णतेचा आणि वाऱ्याचा इतिहास आहे, आणि त्याची सुरुवात संगणकाच्या कितीतरी आधी, जमिनीखाली झाली.

◾ खाणीतला वारा

१५५६ साली, म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, जर्मन विद्वान जॉर्जियस ॲग्रिकोला यांचा खाणकामावरील ‘डे रे मेटालिका’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातल्या चित्रांत लाकडी पिंपात फिरणाऱ्या पात्यांचे पंखे दिसतात. खोल खाणीतली कोंदट हवा बाहेर काढणे आणि ताजी हवा आत ढकलणे हे त्यांचे काम. १९व्या शतकात युरोपातल्या कोळशाच्या खाणी खोल गेल्या. विषारी आणि ज्वलनशील वायूंनी माणसे मरू लागली, आणि वायुवीजन हा जीवनमरणाचा प्रश्न बनला. बेल्जियमचे तेओफिल गिबाल यांच्यासारख्या अभियंत्यांनी त्या काळात प्रचंड आकाराचे पंखे उभारले. पंख्याचा व्यास, वेग, दाब आणि लागणारी शक्ती यांचे नाते मोजून पाहण्याची गरज खाणींमुळे तीव्र झाली.

रायपूरशी या विद्येचा संबंध जुना आहे. आजच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेचा, म्हणजे एनआयटी रायपूरचा, जन्म १९५६ साली खाणकाम आणि धातुशास्त्र यांच्या शासकीय महाविद्यालयाच्या रूपाने झाला. छत्तीसगडची भूमी कोळसा आणि लोहखनिजाची. तेव्हा खाणीत वारा कसा खेळवायचा, हा तिथल्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचा भाग असणे स्वाभाविक होते. त्या अभ्यासात शिकवले जाणारे पंख्याचे नियम साधे आहेत. पंखा तोच ठेवून वेग दुप्पट केला, तर हवा दुप्पट वाहते, दाब चौपट होतो आणि लागणारी शक्ती आठपट होते.

कोरब्याच्या कोळसा खाणीतला पंखा आणि टेबलाखालच्या डब्यातला तळहाताएवढा पंखा, दोघांनाही हेच नियम लागू पडतात.

◾ आवाजाचा पाचवा घात

हवा वाहते तेव्हा आवाज का होतो, याचे समाधानकारक गणित मात्र उशिरा आले, आणि ते जेट विमानांमुळे आले. ब्रिटिश गणिती जेम्स लाइटहिल यांनी १९५२ साली दाखवून दिले, की मोकळ्या झोताच्या खळबळीतून निघणारी ध्वनिशक्ती झोताच्या वेगाच्या आठव्या घाताच्या प्रमाणात वाढते. १९५५ साली एन. कर्ल यांनी या विचारात घन पृष्ठभागांची भर घातली. वाहत्या हवेत पाते किंवा जाळी असेल, तर कमी वेगालाही बराच आवाज होतो आणि तो वेगाच्या साधारण सहाव्या घाताने वाढतो. पंख्यांच्या प्रत्यक्ष मोजमापातून अभियंत्यांनी घेतलेला व्यावहारिक आडाखा पाचव्या घाताचा आहे.

पाचवा घात म्हणजे काय, हे आकड्यांत पाहावे. पंख्याचा वेग निम्मा केला, तर ध्वनिशक्ती २ च्या पाचव्या घाताने, म्हणजे ३२ पटींनी घटते. डेसिबलच्या भाषेत ही घट १५ आहे. साधारण १० डेसिबलची घट झाली, की माणसाच्या कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. हवा मात्र निम्मीच कमी झालेली असते.

यातूनच दुसरी युक्ती निघते. पंखा मोठा घ्यावा आणि तो सावकाश फिरवावा. ८० मिलिमीटरच्या पंख्याऐवजी त्याच घडणीचा १२० मिलिमीटरचा पंखा बसवला, तर तेवढीच हवा हलवण्यासाठी त्याला जुन्याच्या जेमतेम ३० टक्के वेग पुरतो. मोठ्या पात्यामुळे आवाजात पडणारी भर हिशेबात धरली, तरी एकूण आवाज सुमारे १४ डेसिबलने कमी भरतो. डब्यात दाट अडथळे असतील तर मंद पंख्याचा कमी दाब अपुरा पडतो, हे खरे. पण डेस्कटॉपच्या कॅबिनेटमधले पंखे ८० वरून १२० आणि मग १४० मिलिमीटरपर्यंत का वाढत गेले, त्याचे मुख्य कारण हा हिशेब आहे.

◾ नळ्यांचे दिवस

१९४६ साली अमेरिकेत जगासमोर आलेल्या ‘एनिॲक’ या संगणकात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि तो सुमारे १५० किलोवॅट वीज घेत असे. एवढी वीज शेवटी उष्णताच होते. ती हटवण्यासाठी झोतयंत्रे लागत, आणि संगणकाजवळ काम करणाऱ्यांना त्यांच्या गोंगाटातच बसावे लागे.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी बांधलेला संगणक १९६० साली कार्यान्वित झाला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. एका लहान नळीची तार तापवायला केवळ २ वॅट लागतात असे धरले, तरी नुसत्या तारा तापवण्यातच पाच किलोवॅटहून अधिक उष्णता त्या दालनात ओतली जात असणार. मुंबईच्या दमट हवेत ती हटवण्यासाठी वातानुकूलन अपरिहार्य होते. त्या काळात संगणक ज्या खोलीत असे, ती खोलीच यंत्राचा भाग मानली जाई, आणि तिथल्या आवाजाबद्दल तक्रार करण्याचा प्रश्नच नव्हता. संगणकावर काम करणारे थोडे होते आणि काम संपले की ते खोलीबाहेर पडत.

संगणक माणसाच्या टेबलावर येऊन बसला, तेव्हा हा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला.

◾ पंख्याविना संगणक : एक हट्ट

१९७७ सालच्या ‘ॲपल टू’ या संगणकात पंखा नव्हता. घरात, शांत खोलीत वापरायच्या वस्तूने गुरगुरू नये, असा स्टीव्ह जॉब्स यांचा आग्रह होता. तो पूर्ण करण्यासाठी रॉड होल्ट या अभियंत्याने कमी तापणारा, वेगाने उघडझाप करणारा वीजपुरवठा रचला. आवाज कमी करण्याचा हा सर्वांत प्रामाणिक मार्ग होता. उष्णताच कमी निर्माण झाली, तर वाऱ्याची गरजही कमी.

तोच हट्ट १९८०च्या ‘ॲपल थ्री’मध्ये अंगाशी आला. भाग दाटीने बसवलेले होते, पंखा नव्हता आणि उष्णता धातूच्या बैठकीतून बाहेर जाईल अशी अपेक्षा होती. यंत्र तापे, गार होई, पुन्हा तापे, आणि या प्रसरण-आकुंचनात चिप आपल्या खोबणीतून सैल होत. संच थोडासा उचलून टेबलावर आपटला की चिप पुन्हा जागेवर बसतील, असा सल्ला दिला जात असे, ही हकिकत संगणकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. उष्णतेची सोय न करता मिळवलेली शांतता टिकत नाही, हा धडा त्यातून मिळाला.

१९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पर्सनल कॉम्प्युटरने पंखा स्वीकारला. त्याचा वीजपुरवठा अवघा ६३.५ वॅटचा होता आणि पंखा त्या पुरवठ्याच्या डब्यातच होता. पुढे जगभर, आणि भारतातही, जोडणी करून मिळणाऱ्या डेस्कटॉपांनी हाच साचा उचलला. पाठीमागे वीजपुरवठा, त्यात पंखा, आणि त्याची अखंड घरघर.

◾ उष्णतेची भिंत

१९७४ साली आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड आणि सहकारी यांनी एक आशादायक नियम मांडला होता. ट्रान्झिस्टर लहान करत जावे आणि त्याचबरोबर विजेचा दाबही कमी करत जावा. मग चिपच्या तेवढ्याच क्षेत्रात अधिक ट्रान्झिस्टर बसतील, ते अधिक वेगाने चालतील आणि उष्णता वाढणार नाही. व्यवहारात विजेचा दाब तितक्या शिस्तीने कमी झाला नाही. पहिल्या पर्सनल कॉम्प्युटरमधली ८०८८ ही चिप एक-दोन वॅटमध्ये भागवत असे. १९९३च्या पहिल्या पेंटियमला सुमारे १५ वॅट लागू लागले आणि प्रोसेसरच्या डोक्यावर धातूच्या पातळ कल्ल्यांचा उष्णताशोषक व त्यावर पंखा ही जोडी नेहमीची झाली. २००४ सालच्या पेंटियम ४ च्या काही प्रकारांनी १०० वॅटचा टप्पा ओलांडला.

त्या वर्षांत नवा संगणक विकत घेणे म्हणजे एक लहानसे झोतयंत्र घरी आणणे होते. ग्राफिक्स कार्डावर वेगळा पंखा, प्रोसेसरवर वेगळा, वीजपुरवठ्यात वेगळा आणि डब्यावर आणखी एक-दोन. वाहिनीबाहेर ठिबकणाऱ्या विजेने आणि उष्णतेने चिपच्या वेगाची शर्यतच थांबवली. मे २००४ मध्ये इंटेलने ‘तेजस’ या सांकेतिक नावाचा पुढचा प्रोसेसर रद्द केला. २००६ साली आलेल्या कोअर २ ड्युओने घड्याळाचा वेग कमी ठेवून दोन गाभ्यांनी काम केले आणि उष्णतेचा अंदाज ६५ वॅटवर आणला. संगणक शांत व्हावा म्हणून हा बदल झाला नव्हता. पण शांततेच्या दृष्टीने तो सर्वांत मोठा ठरला.

याच सुमारास पंख्याला चौथी तार मिळाली. पंखा सतत पूर्ण वेगाने न फिरवता तापमान पाहून त्याचा वेग ठरवायचा, यासाठी विजेच्या छोट्या छोट्या ठोक्यांची पद्धत वापरली जाई. आधीच्या काही रचनांत हे ठोके सेकंदाला काही दशकांच्या घरात पडत आणि त्यांचीच टकटक कानाला येई. नव्या मांडणीत या ठोक्यांची वारंवारता २५ किलोहर्ट्झ ठरवण्यात आली. माणसाचा कान २० किलोहर्ट्झच्या वर ऐकत नाही. टकटक ऐकण्याच्या पल्याड गेली.

◾ माग कसा काढतात

आवाज कमी करण्यापूर्वी तो कुठून येतो हे शोधावे लागते, आणि इथे अंतर्ज्ञान बहुधा फसवते. फसवणुकीचे मूळ डेसिबलमध्ये आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचे नाव दिलेले हे माप १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या टेलिफोन अभियंत्यांनी रूढ केले. हे लघुगणकाचे माप आहे. त्यात आवाजांची साधी बेरीज होत नाही. समजा, हार्ड डिस्कचा आवाज ४० डेसिबल आणि पंख्याचा ३० डेसिबल आहे. दोन्ही मिळून ७० होत नाहीत, ४०.४ होतात. एखाद्याने पैसे खर्चून पंख्याचा आवाज पूर्ण नाहीसा केला, तरी एकूण आवाज ०.४ डेसिबलनेच घटेल आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही. तोच प्रयत्न डिस्कवर करून ती ३० डेसिबलवर आणली, तर एकूण आवाज ३३ वर उतरेल. म्हणून पहिला नियम हा, की सर्वांत मोठा आवाज आधी शोधावा. बाकीच्यांना हात लावू नये.

दुसरा नियम कानाचा आहे. १९३३ साली हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी मोजून दाखवले, की सारख्याच ध्वनिदाबाचे वेगवेगळ्या वारंवारतांचे स्वर कानाला सारखे मोठे वाटत नाहीत. खर्जातला आवाज कानाला दबका वाटतो, तर काही हजार हर्ट्झचा बारीक आवाज टोचतो. त्यातही सलग सळसळीपेक्षा एकाच स्वराची शीळ अधिक छळते. १९८८ साली संगणक व कार्यालयीन यंत्रांच्या आवाजाचे मोजमाप कसे करावे, याचे आयएसओ ७७७९ हे आंतरराष्ट्रीय मानक आले आणि ‘शांत’ या शब्दाला तपासता येण्याजोगा अर्थ मिळाला.

प्रत्येक उगमाची स्वतःची ओळख असते, आणि ती आकडेमोडीने पटवता येते. मिनिटाला १२०० फेरे घेणाऱ्या सात पात्यांच्या पंख्याचा मूळ स्वर १४० हर्ट्झचा असतो, कारण सेकंदाला २० फेरे आणि प्रत्येक फेऱ्यात सात पाती. शेजारचा दुसरा पंखा १२३० फेऱ्यांनी फिरत असेल, तर त्याचा स्वर १४३.५ हर्ट्झ होतो आणि दोघांच्या मेळातून सेकंदाला साडेतीन वेळा आवाज चढतो-उतरतो. तंबोऱ्याच्या जोडाच्या दोन तारा नीट मिळाल्या नसल्या की जो हेलकावा ऐकू येतो, तोच हा. वादक खुंटी पिळतो. इथे दोन्ही पंख्यांचे वेग सारखे करावे किंवा पुरेसे दूर न्यावे.

मिनिटाला ७२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क १२० हर्ट्झचा कंप देते. हा कंप मोठा असतोच असे नाही. पण डिस्क पत्र्याच्या डब्याला घट्ट पिळलेली असली, की सारा पत्रा तबल्याच्या पुडीसारखा वाजू लागतो. डब्यावर तळहात दाबताच आवाज बदलला, तर दोष कंपाचा समजावा. त्यावर रबरी बुशांचा उपाय चालतो. शांततेचा ध्यास घेतलेल्या हौशी लोकांनी तर डिस्क इलॅस्टिकच्या पट्ट्यांवर टांगून पाहिल्या. उगमाजवळचा इलाज डिस्क बनवणाऱ्यांनी केला. छऱ्यांच्या बेअरिंगऐवजी तेलाच्या पातळ थरावर फिरणारा आस आला. २००१ सालची सीगेटची बॅराकुडा एटीए ४ ही डिस्क त्यासाठी नावाजली गेली. पुढे फिरणारी तबकडीच नसलेल्या सॉलिड स्टेट ड्राइव्हने हा आवाज मुळासकट संपवला.

काही आवाज मात्र हलणारा भाग नसतानाही येतात. १८४२ साली जेम्स जूल यांना आढळले होते, की चुंबकत्व दिल्यावर लोखंडाची लांबी किंचित बदलते. ५० हर्ट्झच्या विजेवर चालणारा ट्रान्सफॉर्मर १०० हर्ट्झने गुणगुणतो, यामागे हा परिणाम आहे. प्रवाहाच्या एका आवर्तनात चुंबकत्व दोनदा शिगेला पोहोचते. मदरबोर्डावरच्या तारेच्या वेटोळ्यांमध्येही चुंबकीय बलांमुळे असाच सूक्ष्म कंप होतो आणि भार बदलताना किणकिण ऐकू येते. सिरॅमिक कपॅसिटरांमध्ये पिएर आणि जॅक क्युरी यांनी १८८० साली शोधलेल्या दाबविद्युत परिणामाचे भावंड काम करते. विजेचा दाब बदलला की पदार्थाचा आकार बदलतो आणि त्याच्याबरोबर बोर्डही थरथरतो. पडद्यावरचे पान सरकवताना बारीक चिरचिर ऐकू येते, ती अनेकदा हीच.

प्रत्यक्ष शोधाची रीत वैद्याच्या नाडीपरीक्षेइतकी साधी आहे. कागदाची किंवा पुठ्ठ्याची नळी कानाला लावून तिचे दुसरे टोक एकेका भागाजवळ न्यावे. १८१६ साली फ्रेंच वैद्य रेने लेनेक यांनी रुग्णाच्या छातीवर गुंडाळलेला कागद ठेवून ऐकले आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्माला आला. रीत तीच आहे. मग एका वेळी एकाच पंख्याचा वेग सेटिंगमधून कमी करून पाहावे आणि फरक टिपून ठेवावा. फिरत्या पंख्यात बोट किंवा काडी घालू नये. वीजपुरवठ्याचा डबा उघडू नये, कारण त्यातले कपॅसिटर प्लग काढल्यावरही भार धरून असतात.

◾ रायपूरचा मे महिना

हे सारे विज्ञान थंड देशांत लिहिले गेले आणि तिथल्या खोल्यांच्या तापमानात तपासले गेले. मे महिन्यात रायपूरचा पारा ४४-४५ अंशांना भिडतो, तेव्हा गणित बदलते. समजा, प्रोसेसर ८० अंशांच्या खाली राखायचा आहे. खोली २५ अंशांची असेल, तर उष्णता ढकलायला ५५ अंशांचा फरक हाताशी असतो. खोली ३८ अंशांची असेल, तर तो ४२ अंशांवर येतो. तेवढीच उष्णता काढायला किमान १.३ पट हवा हलवावी लागते, आणि पाचव्या घाताच्या हिशेबाने आवाज सुमारे ६ डेसिबलने, म्हणजे ध्वनिशक्तीत चौपटीने वाढतो. म्हणजे तोच संगणक, तेच काम आणि तेच पंखे असतानाही रायपूरच्या उन्हाळ्यात तो अधिक गरजतो. यंत्र बिघडले, असा समज करून घेण्याचे कारण नाही.

त्यात धुळीची भर पडते. उरला आणि सिलतरा या औद्योगिक वसाहतींत स्पंज आयर्नचे आणि पोलादाचे कारखाने आहेत. शहराला धूळ नवी नाही. उष्णताशोषकाच्या कल्ल्यांमध्ये धुळीची गादी बसली की वारा आत शिरत नाही. तापमान वाढते, तापमान पाहून पंखा वेग वाढवतो आणि आवाज चढतो. एकाच पात्यावर अधिक धूळ साचली तर तोल जातो आणि कंपही सुरू होतो. अशा वेळी महागडा ‘सायलेंट’ पंखा घेण्याआधी प्लग काढून, डबा उघडून, मऊ कुंचल्याने कल्ले साफ करणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. हवेचा झोत मारताना पंख्याची पाती हाताने धरून ठेवावीत, नाहीतर ती मोकाट फिरून बेअरिंग खराब होते. डबा भिंतीपासून वीतभर पुढे ओढावा. आवाज कोंडावा म्हणून टेबलाच्या बंद खणात ठेवलेला संगणक थोड्याच वेळात स्वतःचीच तापलेली हवा पुन्हा ओढू लागतो आणि अधिक ओरडतो. ‘ॲपल थ्री’चा धडा घरोघरी पुन्हा गिरवला जातो.

◾ गोंगाट गेला कुठे?

गेल्या पंधरा-वीस वर्षांत घरातला संगणक खरोखरच शांत झाला. चिपना कमी वीज पुरू लागली, तबकड्या गेल्या, पंखे मोठे आणि मंद झाले. अनेक लॅपटॉपांत आणि बहुतेक मोबाइलांत तर पंख्याची सवयच सुटली आहे. पण या शांततेचा एक भाग उसना आहे. पूर्वी टेबलाखाली होणारे बरेचसे काम आता दूरच्या डेटा सेंटरमध्ये होते. मोबाइलवर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नि:शब्द मिळते, कारण त्याची उष्णता आणि तिचा आवाज दुसरीकडे उमटतो.

तिथे पाचव्या घाताचा नियम उलट्या बाजूने भोवतो. रॅकमधल्या सर्वांत चपट्या सर्व्हरची उंची अवघी ४४.४५ मिलिमीटर असते. त्यात ४० मिलिमीटरचेच पंखे मावतात आणि पुरेशी हवा ढकलायला ते मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेऊ शकतात. अशी हजारो पाती एका दालनात फिरतात. भारतात कारखान्यांसाठी आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही मर्यादा मानली जाते. डेटा सेंटरमधला तंत्रज्ञ तिच्या आसपास वावरू शकतो आणि त्याला कानांचे संरक्षण लागते. आवाज यंत्रालाही सोसत नाही. २०१६ साली रुमानियातल्या बुखारेस्ट शहरात एका बँकेच्या डेटा सेंटरमध्ये आग विझवण्याच्या वायूची चाचणी घेतली गेली. वायू सुटतानाच्या प्रचंड आवाजाने हार्ड डिस्क निकामी झाल्या आणि बँकेचे व्यवहार काही तास ठप्प झाले.

इमारतीबाहेरही प्रश्न संपत नाही. दालनातली उष्णता छतावरच्या शीतकरण यंत्रांमार्फत हवेत सोडली जाते, आणि त्यांचे पंखे रात्रंदिवस फिरतात. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, रायपूरसारख्याच तापणाऱ्या चँडलर शहरात, रहिवाशांनी अशा गुणगुणीविरुद्ध तक्रारी केल्या आणि २०२२ साली शहराने डेटा सेंटरांसाठी आवाजाबाबतची बंधने आणली. भारतात २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. छत्तीसगडला मध्य प्रदेशाकडून १९८५चा कोलाहल नियंत्रण अधिनियमही वारशाने मिळाला आहे. हे कायदे आजवर मुख्यतः ध्वनिवर्धकांच्या संदर्भात आठवले जातात. २४ तास, वर्षानुवर्षे चालणाऱ्या सलग घरघरीला ते कसे लावायचे, हा पुढच्या काळाचा प्रश्न आहे, आणि तो इमारत उभी राहण्याआधी सोडवणे स्वस्त पडते.

तंत्रज्ञानाकडे त्यावर उत्तरे आहेत. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली बसवलेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकात उष्णता थेट पाण्याच्या साहाय्याने खेचून घेणारी शीतकरण पद्धत वापरली आहे. तेवढ्याच आकारमानाचे पाणी हवेच्या सुमारे ३,५०० पट उष्णता वाहून नेते. त्यामुळे दालनातल्या छोट्या पंख्यांची गरज पुष्कळ घटते. ती उष्णताही अखेर बाहेर सोडावीच लागते, आणि पाण्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. तरीही मोठे आणि मंद पंखे इमारतीबाहेर, वस्तीपासून योग्य अंतरावर ठेवण्याची मुभा पाण्यामुळे मिळते.

या प्रवासात शांतता तीनच वाटांनी आली. कधी उष्णताच कमी निर्माण झाली. कधी तीच उष्णता अधिक मोठ्या, अधिक सावकाश वाऱ्याने हलवली गेली. आणि कधी आवाज फक्त दुसऱ्याच्या दाराशी नेऊन ठेवला गेला. पहिल्या दोन वाटा विज्ञानाच्या आहेत. तिसरी केवळ सोयीची आहे. १९५६ साली ज्या शहरात खाणीत वारा खेळवण्याचे शिक्षण सुरू झाले, त्याच शहराच्या नव्या भागात आता लक्षावधी पंख्यांना जागा दिली जात आहे. टेबलाखालच्या घरघरीचा माग काढायला शिकलेल्या विद्यार्थ्याने तीच कागदी नळी या इमारतीकडेही वळवावी, आणि प्रत्येक ‘शांत’ यंत्राबद्दल एक प्रश्न विचारावा : याचा आवाज कमी झाला आहे, की दुसरे कुणीतरी तो ऐकते आहे?